दिवसा दुकान, रात्री पलंग



आमचा गट यात्रेला माल घेऊन जातो म्हटलं की बायका पहिलं विचारतात, विक्री किती झाली? आणि आजूबाजूला पुरुष माणूस नाही असं बघून हळूच दुसरं विचारतात, रात्री झोपता कुठं? आज या दुसऱ्या प्रश्नाचंच उत्तर द्यायला मी आले आहे.

आमच्या गटात आम्ही दहाजणी. पापड, सांडगे, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला. टेम्पो गटातल्याच एका वहिनींच्या घरचा, छोटा हत्ती. भावजी चालवतात. सुरुवातीची दोन वर्षं आम्ही संध्याकाळी परत येऊ अशाच बाजारांना जायचो, कारण मुक्कामाची सोय नव्हती. लॉजची एक खोली घेतली की दिवसभराचा नफा तिथंच ठेवून यायचा. मग एकदा हिय्या केला आणि पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला तीन रात्री राहिलो. मार्गशीर्षातली थंडी. मी आणि अक्का हौद्यात मालाच्या पोत्यांवर बसून झोपलो. झोपलो कसलं, डुलक्या काढल्या. तिसऱ्या दिवशी अक्कांची कंबर धरली आणि पापडांची अर्धी थप्पी आमच्याच वजनानं मोडली. घरी आल्यावर वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या, "आता बास. बायांनी रात्री असं उघड्यावर राहायचं नाही." त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण यात्रा सोडायची म्हणजे वर्षाची निम्मी विक्री सोडायची. हे पण खरं होतं.

टेम्पोत पलंग करायचा, हे तेव्हा डोक्यात आलं. गाडीत राहून फिरायची कल्पना काही नवी नाही. कॅम्पर व्हॅन म्हणून गाड्या असतात, त्यात झोपायची, स्वयंपाकाची सोय असते. आपल्या सरकारनंही २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचं धोरण आणलं. हौशी लोक त्यातून समुद्रावर जातात. आपल्याला पापड विकायला जायचं. पण अडचण दोघांची एकच, गाडीत जागा थोडी, आणि रात्री जो पलंग हवा तो दिवसा वाटेत नको.

आमच्या छोट्या हत्तीचा हौदा आतून ७ फूट लांब आणि पाच फुटाला दोन बोटं कमी रुंद. दोघींचा पलंग कायमचा टाकला तर माल ठेवायचा कुठं? म्हणून आधी आम्ही सोपं केलं. एका बाजूला २ फूट रुंद बाक, त्याला बिजागरीनं लोंबती फळी, फळीला पुन्हा बिजागरीचे दोन पाय. रात्री फळी उचलायची, पाय सरळ करायचे, झाला पलंग. दिसायला छान होतं. पण बाक १६ इंच उंच, तर त्याला लोंबणारी फळी त्याहून मोठी करता येत नाही, खाली टेकते. म्हणजे रुंदी जेमतेम सव्वातीन फूट. तेही चाललं असतं. पण पहिल्याच मुक्कामाला टेम्पो जरा उतारावर उभा होता. अक्कांनी रात्री कूस बदलली, पाय आतल्या बाजूला दुमडला आणि अक्का फळीसकट खाली. मनगट पंधरा दिवस सुजलेलं होतं. म्हणून सांगते, ज्याच्यावर माणसाचं वजन येणार, तो पाय दुमडता ठेवू नका. अगदीच ठेवायचा तर त्याला खिट्टी हवी.

यानंतर आमच्या गावच्या सुतारमामांनी दुसरी पद्धत सांगितली. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून आता हातातलं काम जरा बाजूला ठेवा. दोन्ही पंजे समोर सपाट धरा, बोटं फाकवा, आणि एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांमधल्या फटीत सरकवा. पार आत. आता दोन्ही हात मिळून एकाच पंजाएवढी जागा लागते, हो ना? आता हात हळूहळू लांब करा, नुसती टोकं एकमेकांत राहू द्या. जागा दुप्पट झाली. आमचा पलंग हाच आहे. बोटांच्या जागी लाकडाच्या पट्ट्या.

एका हाताच्या पट्ट्या पक्क्या. बाकाला मागं एक आडवी दांडी, पुढं एक आडवी दांडी, त्यांच्यावर १४ पट्ट्या स्क्रूनं बसवलेल्या, प्रत्येक २ फूट लांब, अडीच इंच रुंद, पाऊण इंच जाड. त्यांच्यामधल्या फटीत दुसऱ्या हाताच्या १३ पट्ट्या, त्या सरकत्या. सरकत्या पट्ट्यांची पुढची टोकं एका उभ्या फळीवर स्क्रूनं बसवली आहेत. ही फळी थेट हौद्याच्या तळापर्यंत टेकते. दिवसा ती बाकाचं दार होते, आतला माल झाकते. रात्री ती धरून ओढायची, सगळ्या पट्ट्या तिच्याबरोबर बाहेर येतात आणि फळीच पलंगाचा पाय होते. दुमडायचं काही नाही, पडायचं काही नाही.

आता ओढताना जास्त ओढलं तर पट्ट्या पूर्ण बाहेर निघतील. म्हणून सरकत्या पट्ट्यांच्या आतल्या टोकाजवळ खालून एक बारीक दांडी ठोकली आहे. ओढलं की ती बाकाच्या पुढच्या दांडीला येऊन अडते. पट्ट्या चार-साडेचार इंच एकमेकींत गुंतलेल्या राहतात आणि पलंग ३ फूट ७ इंच रुंद होतो. लांबी ६ फुटाला थोडी कमी. आम्ही काही भीमाच्या लेकी नाही, पुरतो. बाजूला सव्वा फूट मोकळं राहतं, ते मुद्दाम ठेवायचं. रात्री उठून पाय टाकायला जागा नसेल तर दुसरीच्या अंगावरून जावं लागतं.

लाकूड आम्ही विकत घेतलं नाही. अक्कांच्या जुन्या घराचे सागवानी वासे पडून होते, ते चिरून आणले. त्याआधी एकेक खिळा उपटून काढावा लागला, खिळा राहिला तर कापणारा हात लावत नाही, करवत तुटते. जुनं लाकूड नसेल तर १८ मिलिमीटरचं प्लायवूड घ्या, या सगळ्या २७ पट्ट्या अर्ध्या शीटमध्ये बसतात. फक्त पट्टी शीटच्या लांबीला धरून कापायची, आडवी कापली की कमजोर. आणि गाठीचं लाकूड नको. झोपल्यावर वजन सगळ्या पट्ट्यांवर वाटलं जातं, तेव्हा काही होत नाही. पट्टी मोडते ती चढताना एक गुडघा टेकवला की. आधी बसायचं, मग आत सरकायचं. ही शिस्त आम्ही माहेरवाशिणींनाही लावली आहे.

सुतारमामांचं काम फार सुबक. त्यांनी पट्ट्या इतक्या नेमक्या बसवल्या की फटीत कागद जाईना. आम्ही कौतुक केलं. मग आषाढी वारीच्या दिवसांत, पालखी फलटणला मुक्कामी, आम्ही चटणी-पापड घेऊन गेलो. दोन दिवस पाऊस. रात्री दहाला दमून आलो, फळी ओढली तर पलंग जागचा हलेना. लाकूड पाणी पिऊन फुगलेलं. दोघींनी ओढलं, भावजींनी ओढलं, शेवटी आम्ही त्या दोन फुटी बाकावर एकीचं डोकं दुसरीच्या पायाकडं करून रात्र काढली. घरी आल्यावर मामांना सांगितलं तर म्हणाले, "ताई, मी चांगलं करायला गेलो बघा." मग त्यांनी सगळ्या पट्ट्यांना रंधा मारला आणि दोन पट्ट्यांमध्ये दोन्ही बाजूंना एकेक सूत जागा ठेवली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुताराला सांगितलं की कळतं. वरून पट्ट्यांच्या कडांना मेणबत्ती घासतो, पावसाळ्याआधी एकदा, यात्रेआधी एकदा. आता मी एकटी, अंधारात, एका हातानं पलंग ओढते. तुमच्या सुतारांनी किती का सुबक केलं असेना, पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः एकटीनं ओढून बघा, मगच मजुरी द्या.

खर्च सांगते. लाकूड घरचं, त्यामुळं चिरकाम, फळीसाठी प्लाय, स्क्रू आणि दोन दिवसांची मजुरी मिळून आम्हाला चार हजारांच्या आसपास गेले. गटाच्या पैशातून घेतले. ठरावाच्या वहीत लिहिताना "पलंग" लिहू का "विक्रीचा बाक" लिहू, यावर अर्धा तास चर्चा झाली. बाक लिहिलं. खोटं नाही ते. दिवसा बाजूचा फाळका खाली सोडला की बाक ग्राहकाच्या समोर येतो, वर स्वच्छ चादर, चादरीवर माल.

अंथरुणाचं म्हणाल तर पट्ट्यांमध्ये फटी राहतात, पातळ वाकळ टाकली तर कमरेला पट्टी टोचते. जाड वाकळ शिवा, दोन तुकड्यांत. एक तुकडा बाकावर कायम, दुसरा दिवसा घडी करून पाठीला. फटींचा फायदा असा की खालून हवा लागते, अंथरूण दमट होत नाही. पण थंडीत तीच हवा अंगाला झोंबते. तेव्हा खाली आधी गोणपाट, त्यावर वर्तमानपत्र, मग वाकळ.

आता जिवाच्या गोष्टी. ताडपत्री पूर्ण बंद करून आत शेगडी, स्टोव्ह, निखाऱ्याची पाटी ठेवायची नाही, थंडी किती का असेना. त्या धुरातला जो विषारी वायू असतो त्याला ना रंग ना वास, झोपेत कळत नाही. मच्छर अगरबत्तीही बंद ताडपत्रीत नको, मच्छरदाणी बांधा. गाडी सुरू ठेवून तर झोपायचंच नाही. दोन्ही टोकांना हातभर तरी मोकळं राहू द्या. आम्ही मागच्या फाळक्याला आतून कडी लावून घेतली आहे आणि बॅटरी उशाला ठेवतो.

आणि चालत्या गाडीत या पलंगावर कुणी बसायचं नाही, झोपायचं तर नाहीच. मालाच्या हौद्यात माणसं नेणं कायद्यानं चालत नाही, आणि कायदा सोडा, अचानक ब्रेक लागला तर धरायला काही नसतं. एकजण पुढं भावजींच्या शेजारी बसते, दुसरी एसटीनं येते, बायकांना आता अर्धंच तिकीट आहे. बाकही हौद्याच्या आकड्यांना दोरानं चारी बाजूंनी आवळून बांधायचा आणि फळीला टॉवर बोल्ट लावायचा, नाहीतर वळणावर पलंग आपोआप उघडतो. आम्ही हौद्याला भोक पाडलेलं नाही, वेल्डिंग केलेलं नाही. दोर सोडले की बाक उतरतो आणि भावजींना कांद्याचं भाडं मारायला टेम्पो मोकळा. गाडीच्या सांगाड्यात कापाकापी करायची असेल तर आधी आरटीओत विचारा. पलंगाचं वजनही धरा. आरसी बुकात गाडीला किती भार चालतो ते असतं, त्यातून पलंग वजा करून मग माल भरा.

पलंगानं सगळं सुटलं का? नाही. संडासाचा प्रश्न तसाच आहे. त्यामुळं गाडी उभी करताना आम्ही आधी संडास कुठं आहे ते बघतो, मग उजेड, मग दुसऱ्या बायकांच्या गटाचा टेम्पो, आणि सगळ्यात शेवटी गिऱ्हाईक. भावजी म्हणतात असं उलटं धंदा करणारे तुम्हीच. ते स्वतः पुढं केबिनमध्ये पाय दुमडून झोपतात. त्यांच्यासाठी काही करता येतं का ते अजून सुचलेलं नाही. कुणाला सुचलं तर कळवा.

मागच्या यात्रेला आम्ही चार रात्री राहिलो. मी, आणि अक्कांच्या जागी त्या वहिनी. सासूबाईंनी आधी टेम्पोत येऊन पलंग ओढून बघितला, कडी लावून बघितली, पाच मिनिटं आडव्या पण झाल्या. मग म्हणाल्या, "वाकळ अजून एक घेऊन जा."

तुमची गाडी वेगळी असेल तर आमची मापं घेऊ नका, आपली घ्या, आणि आतून घ्या. ओम्नी किंवा ईको असेल तर मागच्या चाकाचा फुगवटा आत येतो, बाक त्याच्या वरून जाईल एवढा उंच करा. पुसेगावला आलात तर आमचा टेम्पो शोधा आणि स्वतः ओढून बघा. फक्त ओढण्याआधी खालच्या चपला बाजूला करा, फळीखाली अडकतात.