गुंठ्याचा धडा
(कार्यकर्ता शिबिरात एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



मोर्चावर बोलणारे इथं पुष्कळ आहेत. मी शाळामास्तर, मी शाळेवरच बोलणार. पण शाळा न् जमीन यांचा संबंध काय, ते आज सांगायचंय. आपल्या कितीतरी जमिनी कागदावर गेल्या. पावसाळ्यात घरात दाणा नाही, सावकारानं खावटीचं भात दिलं, कागद पुढं केला, आजोबानं अंगठा उठवला. कागदावर काय लिहिलंय ते वाचणारं घरात कुणी नव्हतं.

आता चौथीच्या वर्गातला एक दिवस सांगतो. पुस्तकात क्षेत्रफळाचा धडा होता. लांबी गुणिले रुंदी, हे पोरं घोकतात आणि विसरतात. म्हणून आम्ही काथ्याची दोरी घेतली, फूटपट्टीनं मोजून ३३ फुटांवर गाठ मारली आणि सगळा वर्ग बाहेर काढला. चार खुंट्या ठोकल्या. प्रत्येक बाजू ३३ फूट. तरी चौकोन तिरका दिसत होता. शेळ्यांमागं फिरणारा एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, ह्यो कलला." मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून दोरी ताणली. दोन्ही मापं सारखी येईपर्यंत खुंट्या हलवल्या. झाला एक गुंठा. ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. पोरांनी तो गुंठा पायानं चालून पाहिला. आता ते माप विसरायचे नाहीत.

दुपारी सातबाराचा उतारा वाचला. सात नंबरात जमीन कुणाच्या नावावर, किती, आणि 'इतर हक्क' या रकान्यात आणखी कुणाचा काय बोजा. बारा नंबरात पीकपाणी. एका उताऱ्यावर क्षेत्र होतं ०.८१. पोरं म्हणाली, शून्य म्हणजे काहीच नाही! मोठी माणसंसुद्धा असंच समजतात. पण हा आकडा हेक्टरात आहे. एक हेक्टर म्हणजे १०० आर, आणि एक आर जवळजवळ एका गुंठ्याएवढा. म्हणजे ०.८१ हेक्टर म्हणजे ८१ आर, दोन एकर जमीन! हे एका पोरीनं फळ्यावर सोडवून दाखवलं. उद्या तिच्या बापाला कुणी म्हणालं, "तुझं एक एकरसुद्धा नाही रे," तर ती गप्प बसेल का?

कायदा आपल्या बाजूनं थोडाफार आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडं गेली असेल, तर ती परत देण्याचा कायदा झाला. त्यानंतर कलेक्टरच्या परवानगीशिवाय अशी जमीन विकता-घेता येत नाही. पण खटल्यात नंबर, क्षेत्र, फेरफार, तारीख विचारतात. तिथं वाचता येणारं माणूस लागतं.

तुम्ही म्हणाल, पोरं शाळेत येतात कुठं? खरंय. पटावरची निम्मी गुरांमागं असतात, दिवाळीनंतर आईबापांबरोबर भट्टीवर जातात. आणि जी येतात त्यांची घरची बोली वर्गात चालत नाही, म्हणून ती मुकी होतात. यावर उपाय झालेले आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडला नेलं. गुरं राखणारी वारली पोरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. मुलाला दोष दिला नाही.

मग आपण काय करायचं? तीन गोष्टी. पहिली, पोरीलाही शाळेत पाठवा. लहान भावंडं सांभाळायला कोण, हा प्रश्न खरा आहे, तो पाड्याच्या बैठकीत घ्या, एकट्या आईवर टाकू नका. दुसरी, मास्तर येत नसेल तर पाड्यानं मिळून पंचायत समितीकडं लेखी तक्रार करा. तिसरी, पुढच्या बैठकीला आपापला सातबारा आणा. पोरं वाचतील, तुम्ही ऐका, चूक दिसली तर तलाठ्याला विचारायला सगळे मिळून जाऊ.

दोरी मी आणतो. खुंट्या तुम्ही आणा.

जिंदाबाद!