आडात असेल तर पोहऱ्यात येईल



आज आपण फोनच्या रेंजविषयी बोलू या. धडगाव, मोलगीकडच्या डोंगरात हा विषय गमतीचा नाही. रेशनच्या दुकानात अंगठ्याचे यंत्र असते, त्याला रेंज लागते. बाईला कळा सुरू झाल्या की १०८ ला फोन लावायचा, त्यालाही रेंज लागते. मजुरीचे पैसे बँकेत आले की नाही, हेसुद्धा फोनच सांगतो. म्हणून बाजारात कोणी म्हणाले, "हे बूस्टर घ्या, घरात रेंजच रेंज," की माणूस लगेच खिशात हात घालतो. जरा थांबा. आधी समजून घेऊ, मग पैसे काढू.

रेंज म्हणजे काय? टॉवर आणि फोन लहरींनी एकमेकांशी बोलतात. लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांची चाल बरीचशी उजेडासारखी आहे. दिव्यासमोर हात धरला की पलीकडे सावली पडते. तसेच इथे होते. टॉवर एका बाजूला आणि पाडा दुसऱ्या बाजूला असला, मध्ये सातपुड्याची सोंड आली, की पाड्यावर लहरींची सावली पडते. म्हणून माथ्यावर फोन लागतो आणि दरीत उतरले की मुका होतो. पत्र्याचे छप्परही लहरी अडवते. कुडाच्या भिंतीतून मात्र त्या पुष्कळ आत येतात.

आता बूस्टर पाहू. बाहेर एक अँटेना, मध्ये विजेवर चालणारी पेटी, घरात दुसरी अँटेना. बाहेरची अँटेना लहरी झेलते, पेटी त्यांचा जोर वाढवते, आतली अँटेना त्या घरात सोडते. पेटी स्वतः रेंज तयार करत नाही. बाहेर थोडी तरी रेंज असेल तरच ती वाढेल. मुळात काहीच नसेल तर काय वाढवणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि आडात पाणी असले तरी हा पोहरा आपण टाकायचा नाही. का? लग्नात माइक कर्ण्यासमोर गेला की कशी शिट्टी वाजते, ते तुम्ही ऐकले आहे. बूस्टरच्या दोन अँटेना फार जवळ बसल्या की तसेच होते. ती शिट्टी आपल्या कानाला ऐकू येत नाही, पण टॉवरला ऐकू जाते. टॉवर दूरदूरच्या फोनांचा बारीक आवाज ऐकत असतो. तो आवाज या गोंगाटात बुडतो. एका घरात रेंजच्या चार दांड्या दिसतात, आणि आजूबाजूच्या पाड्यांचे फोन लागेनासे होतात. त्यातलाच एखादा फोन १०८ चा असला तर?

म्हणून कायद्याने खाजगी माणसाला बूस्टर विकण्याची, बाळगण्याची किंवा लावण्याची मनाई आहे. परवानाधारक फोन कंपनीच तो लावू शकते. केंद्राच्या दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये तशी जाहीर सूचनाही दिली होती. दुकानदार "सगळे चालते" म्हणेल. पण दंड आणि जप्ती तुमच्यावरही येऊ शकते.

मग आपण करायचे काय? चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, रेंज मोजा. बऱ्याच फोनांत सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस असे गेले की एक आकडा दिसतो. त्याच्या आधी उण्याची खूण असते. खुणेपुढचा आकडा जितका लहान, तितकी रेंज चांगली. फोर-जीवर तो ९० च्या आत असेल तर उत्तम. ११० च्या पुढे गेला की बोलणे तुटू लागते. १२० च्या पुढे जवळजवळ काही नाही. आता तुम्हाला आकडे वाचता येतात. ओट्यावर, अंगणात, विहिरीपाशी, शाळेपाशी उभे राहा आणि आकडे वहीत लिहा.

दुसरी गोष्ट, वेगवेगळ्या कंपन्यांची सिमे मागून आणून हीच मोजणी करा. जिची रेंज आपल्या पाड्यावर चांगली, ती कंपनी घ्या. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ही सोय देशभर २०११ पासून आहे. आणि हे लक्षात ठेवा: आपल्या कंपनीची रेंज नसली, पण दुसऱ्या कंपनीची असली, तर ११२ हा संकटाचा नंबर लागू शकतो.

तिसरी गोष्ट, अँटेना. सिम घालायचे राउटर किंवा टेबलावरचे फोन मिळतात. त्यांतल्या काहींना बाहेरची अँटेना जोडता येते. हा बूस्टर नव्हे. ते यंत्र स्वतःच एक फोन आहे, अँटेना त्याचा लांब केलेला कान आहे. टॉवर एकाच दिशेला असेल तर माशाच्या काट्यासारखी, जुन्या टीव्हीवर असायची तशी अँटेना घ्या. तिला यागी म्हणतात. जपानच्या उडा आणि यागी या शास्त्रज्ञांनी ती १९२६ साली पुढे आणली. तिचे तोंड टॉवरकडे करा, हळूहळू फिरवा, आणि आकडा सर्वांत लहान होईल तिथे घट्ट बसवा. आपल्या कंपनीच्या लहरी ती झेलते का, हे घेण्याआधी विचारा. तार आखूड ठेवा, कारण लांब तारेत रेंज गळते. खांब विजेच्या तारांपासून दूर उभारा, त्याला अर्थिंग द्या, आणि विजा कडाडत असताना त्याला हात लावू नका. जिथे शाळेत किंवा ग्रामपंचायतीत तारेचे इंटरनेट चालू आहे, तिथे वाय-फायवरूनही फोन लावता येतो. त्याला वाय-फाय कॉलिंग म्हणतात. बऱ्याच फोनांत ती सोय असते.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. जिथे आडच कोरडा आहे, तिथे आड खणावा लागतो. म्हणजे टॉवर मागावा लागतो. ज्या गावांना फोर-जी पोचले नाही अशा देशातल्या २४,६८० गावांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये योजना मंजूर केली आणि काम बीएसएनएलकडे दिले. आपला पाडा त्यात आहे का, हे विचारा. ग्रामसभेत ठराव करा. पाड्याचे नाव, घरे किती, माणसे किती, वीज आणि रस्ता कुठवर आहे, टॉवरला जागा कोणती, हे सगळे लिहा. रेंजच्या आकड्यांची वही त्याला जोडा. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि बीएसएनएलकडे द्या. पोच घ्या आणि ती जपून ठेवा.

"आमच्याकडे रेंज नाही" असे तोंडी सांगितले तर ते वाऱ्यावर जाते. "शाळेपाशी ११८, विहिरीपाशी १२१" असे लिहून दिले तर त्याला उत्तर द्यावे लागते. बूस्टर एका घराचा, टॉवर साऱ्या गावाचा. गाव करी ते राव न करी, हे आपले वडीलधारे उगाच म्हणत नव्हते.