निकालपत्र आणि उंबरठा

(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्राबाहेर मराठीचा दिवा शंभर वर्षे तेवत ठेवणाऱ्या संस्थेच्या या सोहळ्यात, महाराष्ट्राबाहेरच मराठी शिकविण्यात आयुष्य वेचलेल्या एका प्राध्यापकाचे स्मरण उचित ठरेल. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे त्यांचे नाव. नागपूर ही त्यांची जन्मभूमी आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठ ही कर्मभूमी. तेथे ते मराठीचे अध्यापन करीत. आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुखपदही त्यांच्याकडे होते. ते कवी होते. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा संग्रह महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या पुरस्काराने गौरविला गेला होता.

८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेतलेल्या व्यक्ती त्यांच्या निवासस्थानी बळजबरीने शिरल्या. एका पुरुषासमवेत असताना त्यांचे चित्रीकरण करण्यात आले. लगोलग गैरवर्तनाच्या ठपक्याखाली प्राध्यापक निलंबित झाले आणि त्यांना राहते घर सोडावे लागले. निवृत्ती तेव्हा अवघ्या काही महिन्यांवर आली होती. ज्याच्या घरात घुसखोरी झाली, तोच जगाच्या दृष्टीने अपराधी ठरला.

सिरस न्यायालयात गेले. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, ७ एप्रिलला, भाड्याच्या घरात ते मृतावस्थेत आढळले. त्या मृत्यूचे गूढ उकलले नाही. पुढे २०१६ साली ‘अलीगढ’ या हिंदी चित्रपटाने त्यांची कथा देशभर नेली. मराठी वाचकांना मात्र आपल्या या कवीची ओळख बहुतांशी त्या चित्रपटानेच झाली, हे नमूद केलेच पाहिजे.

या घटनेतील एक गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. तिच्या सात महिने आधी, २ जुलै २००९ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे संमतीने आणि खाजगीत घडणारे संबंध हा गुन्हा नव्हे, असा निर्णय दिला होता. मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांच्या खंडपीठाचा तो निकाल. म्हणजे कायद्याचे वारे फिरले होते. परंतु ते त्या घराच्या दारापर्यंत पोहोचले नव्हते. निकालपत्र आणि उंबरठा यांतील हे अंतर हाच या लढ्याचा खरा विषय आहे.

ज्या कायद्याशी हा झगडा होता, तो या भूमीत उपजलेला नव्हे. १८६० साली इंग्रजी राजवटीने भारतीय दंड विधान संमत केले आणि १८६२ पासून ते अमलात आले. त्यातील ३७७ व्या कलमाने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांना जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगितली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ साली सज्ञान पुरुषांच्या खाजगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला गेला. भारतात मात्र तो कायम राहिला. प्रत्यक्ष शिक्षेपेक्षा या कलमाचा धाक मोठा होता. पोलिसाची धमकी, ओळखीच्याने मागितलेला पैसा, नोकरी जाण्याचे भय या सर्वांच्या पाठीशी ते कलम उभे असे.

मराठी समाजात हा विषय परका होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, ते निष्ठेने चालविले. वाचक पत्रांतून आपल्या कामजीवनाविषयीच्या शंका विचारीत आणि कर्वे त्यांना शास्त्रीय उत्तरे देत. १९३४ साली अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोकांना प्रश्न पडत असतील तर त्यांना ज्ञान मिळाले पाहिजे, कामविषयक लेखन तेवढ्यावरून अश्लील ठरू नये, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. तरी एक मराठी मासिक आणि एक मराठी वकील नव्वद वर्षांपूर्वी या प्रश्नाच्या बाजूने उभे राहिले, ही नोंद पुसली जात नाही.

साहित्यानेही पुढे वाट काढली. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. राजन गवस यांनी ‘भंडारभोग’मधून जोगत्याचे जिणे मांडले; सौंदत्तीच्या यल्लम्माची परंपरा जाणणाऱ्या सीमाभागाला ते जिणे अनोळखी नव्हते. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथनाने तृतीयपंथी व्यक्तीला स्वतःच्या शब्दांत बोलते केले.

न्यायालयातील वाट मात्र चढउताराची होती. एड्सप्रतिबंधाचे काम करणाऱ्या नाझ फाउंडेशनने २००१ साली दिल्लीत दाद मागितली होती. कायद्याच्या धाकाने माणसे लपून राहतात आणि उपचारांपासून दूर जातात, हे तिचे सांगणे. २००९ चा विजय ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. चार महिन्यांनी, एप्रिल २०१४ मध्ये, त्याच न्यायालयाने तृतीयपंथीयांना आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क दिला. २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने, सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरते, ३७७ वे कलम निष्प्रभ केले. इतिहासाने या माणसांची क्षमा मागावयास हवी, असा भाव न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात व्यक्त केला.

लढा तेथे संपला नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि तो विषय कायदेमंडळाकडे सोपविला. वर्षानुवर्षे एकत्र संसार करणाऱ्या दोन स्त्रिया वा दोन पुरुष कायद्याच्या दृष्टीने पतिपत्नी नाहीत. त्यांपैकी एकाच्या निधनानंतर मृत्युपत्र नसेल, तर दुसऱ्याला वारसाचा हक्क लाभत नाही.

आणि घराच्या उंबरठ्यावरील प्रश्न तर कोणत्याच न्यायालयात सुटणारे नाहीत. मुलाने वा मुलीने मनातले सांगितल्यावर ‘लग्न झाले की सारे ठीक होईल’ असे म्हणून एका परक्या जीवाचीही फरफट करावयाची, की लेकराला जवळ घ्यावयाचे, हा निर्णय आईवडिलांचाच असतो. ३७७ व्या कलमाच्या खटल्यात अशा मुलांचे काही मातापिता स्वतः सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले होते. या कायद्याने आमच्या घराच्या शांतीवरच घाला येतो, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. त्या पालकांनी दाखविलेले धैर्य कोणत्याही निकालपत्राइतकेच मोलाचे आहे.

वाचनालयाचा या साऱ्याशी संबंध काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ज्याला घरात विचारता येत नाही, तो पुस्तकाकडे वळतो. कर्व्यांना पत्र लिहिणारा वाचक असाच एकाकी होता. एखादा तरुण आजही कपाटाशी घुटमळत असेल. त्याला हवे ते पुस्तक कपाटात असावे आणि ते नोंदवून देणाऱ्याच्या चेहऱ्यावर कुतूहल वा कुचेष्टा नसावी; एवढे झाले तरी त्याचा एक उंबरठा ओलांडला जाईल.

‘पायाखालची हिरवळ’ या संग्रहाची एक प्रत शताब्दीच्या वर्षात या ग्रंथसंग्रहात दाखल व्हावी. अलीगढला ज्या कवीच्या दाराचा मान राखला गेला नाही, त्याला निदान मराठीच्या या घरात सन्मानाने जागा मिळावी.