थोरल्या भावाची नोकरी

पराक्रम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकोट, रणांगण किंवा गेला बाजार टाळ्यांनी दुमदुमलेले सभागृह उभे राहते. परंतु आज ज्या पराक्रमाविषयी मला बोलावयाचे आहे तो परळच्या डबक चाळीतील एका खोलीत घडला, आणि चरित्रग्रंथांनी त्याची दखल एकदोन वाक्यांतच उरकली आहे.

लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईस आले तेव्हा पेन्शन तुटपुंजे होते. दोघा मुलांच्या शाळेचा खर्च झेपेना आणि एकाने शिक्षण सोडणे प्राप्त झाले, तेव्हा थोरले आनंदराव जी. आय. पी. रेल्वेच्या कारखान्यात नोकरीस लागले व धाकटा भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. आंबेडकर, एल्फिन्स्टन हायस्कुलात जात राहिला. आनंदरावांचेही काही मनसुबे असतीलच. शाळेत जाणाऱ्या कोणत्या मुलाचे नसतात?

त्या घरात झीज सर्वांनीच सोसली. स्वयंपाक, निजणे आणि अभ्यास एकाच खोलीत, त्यात कोपऱ्यात शेळी. म्हणून बापलेकांनी अशी तजवीज केली होती की भीमरावाने लवकर झोपावे, वडिलांनी रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहून त्याला उठवावे, मग स्वतः अंग टाकावे, आणि मुलाने मिणमिणत्या दिव्याशी उजाडेपर्यंत वाचीत बसावे. पुस्तकांना पैसे नसले की सुभेदार लग्न झालेल्या मुलीकडे जात. तिच्यापाशीही नसले तर तिचा दागिना मागून घेऊन मारवाड्याकडे गहाण टाकीत आणि पेन्शन हाती पडताच सोडवून तिला परत करीत. मधल्या दिवसांत त्या माउलीने सासरी काय सांगितले असेल, याची कल्पना संसारी श्रोत्यांनीच करावी.

पण गहाण पडलेला दागिना सुटून येतो, रात्रीची झोप दुपारी भरून काढता येते. सुटलेली शाळा मात्र बहुधा कायमचीच सुटते. म्हणून मला त्या घरातील सर्वांत मोठे देणे आनंदरावांचे वाटते. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली, आणि ते यथायोग्यच होते. परंतु दरमहा पगार आणून घरात देणाऱ्या भावासाठी सभा भरविण्याचा प्रघात आपल्याकडे नाही.

अशा त्यागाचे पोवाडे गाताना, खरे सांगावयाचे तर, मनाला थोडा संकोच होतो. पिढ्यान्‌पिढ्या विद्येची दारे बंद ठेवून, दोघा भावांपैकी कोणी शिकावयाचे हा निवाडा ज्या समाजाने त्या खोलीवर लादला, तो समाज आनंदरावांच्या स्तुतीआड निर्दोष सुटता कामा नये. त्या घरातील धाकट्या भावाने मात्र पुढे नोकरी आणि शिक्षण यांची सांगड घालून दिली: 1946 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, त्यात सकाळचे वर्ग ठेवले होते. नोकरीपेशातील तरुणाने आधी तासांना बसावे आणि मग आपली कचेरी किंवा कारखाना गाठावा, अशी ती सोय होती.