कोल्ह्याला शिंग असतं का?

रात्री शिवारातून ज्याची कुई ऐकू येते, त्या कोल्ह्याबद्दल आज बोलू.

आधी ओळख. कोल्हा वेगळा आणि खोकड वेगळं. खोकड लहान, त्याच्या शेपटीचं टोक काळं. कोल्हा त्याहून मोठा, लांडग्याचा जवळचा भाऊबंद. उंदीर, किडे, मेलेली जनावरं, बोरं, मिळेल ते खातो. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण उगाच नाही. कधी कोंबडी, करडूही नेतो, म्हणून खुराड्याचं दार सांजेलाच लावावं. पण शेतातले उंदीर फुकटात कमी करणाराही तोच.

त्याच्या नावानं मोठा प्रवास केलाय. संस्कृतातला ‘शृगाल’ फारसीत ‘शगाल’, तुर्कीत ‘चकाल’ आणि इंग्रजीत ‘जॅकल’ झाला. गोष्टीही तशाच फिरल्या. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे अरबीत ‘कलीला आणि दिम्ना’ झाले. निळीच्या पिंपात पडून राजा झालेला कोल्हा तर आपल्या पोरांनाही पाठ आहे.

गोष्टीतला कोल्हा लबाड. खऱ्या जगात मात्र त्याच्या नावावर माणूसच लबाडी करतो. ‘कोल्ह्याचं शिंग’ घरात ठेवा, पैसा टिकेल, मुलीचं लग्न जमेल, असं सांगत विक्रेते फिरतात. आमच्या एका गटातल्या ताईंनी बियाण्यासाठी घेतलेल्या कर्जातले तीन हजार रुपये अशाच एकाला दिले. हातात आला केसाळ कातड्याचा गोळा. लग्न जमलं नाही, हप्ता मात्र चालू आहे. बैठकीत त्यांना कुणी हसलं नाही. लेकीच्या काळजीनं झोप उडालेली आई कशाचाही आधार शोधते.

मैत्रिणींनो, कोल्ह्याला शिंग नसतं. कातडं, केस, नख जोडून ते बनवतात, आणि त्यासाठी कोल्हे मारले जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं कोल्ह्याला संरक्षण आहे. त्याची शिकार आणि त्याच्या अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. म्हणजे विकणारा निघून जातो आणि घेणारी बाई अडचणीत येते. असा माणूस गावात दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी हा विषय काढा. ज्या घरात लग्नाची नाहीतर दुखण्याची काळजी आहे, तिथं विक्रेत्याच्या आधी गटाच्या दोघीतिघींनी जाऊन बसावं.