सुधाला कुणी विचारलं?

आपण दोह्यात राहतो. लैला-मजनूची कथा जिथली म्हणतात, तो नज्दचा प्रदेश शेजारच्या सौदी अरेबियात आहे. कैसनं, म्हणजे मजनूनं, आपलं प्रेम कवितांतून जगजाहीर केलं, म्हणून लैलाच्या वडिलांनी त्याला नाकारलं आणि तिचं लग्न दुसऱ्याशी लावून दिलं. त्या कथेत ताटातूट करणारा समोर दिसतो. हिंदी लेखक धर्मवीर भारतींच्या ‘गुनाहों का देवता’ या कादंबरीत तो दिसत नाही, म्हणून ती जास्त जिव्हारी लागते.

१९४९ सालची ही कादंबरी अलाहाबादेत घडते. चंदर हा डॉ. शुक्लांचा लाडका विद्यार्थी, त्यांच्या घरातलाच एक झालेला. सुधा त्यांची मुलगी. दोघांचा एकमेकांवर जीव आहे, पण जात वेगळी आणि चंदरच्या डोक्यावर उपकारांचं ओझं. सुधाचं लग्न ठरतं तेव्हा तिचं मन वळवायची कामगिरी शुक्ल चंदरवरच सोपवतात. आणि तो ती पार पाडतो! आपलं प्रेम पवित्र राहावं, हा त्याचा हट्ट. पुढे तो स्वतः ढासळतो, सुधा सासरी झिजत जाते आणि अखेर मरते. ही कादंबरी मला फार प्रिय आहे, तरीही चंदरला माफ करणं मला जमलेलं नाही. त्याच्या थोरपणाची किंमत सुधानं मोजली.

पडद्यानं या गोष्टीला फारसा न्याय दिला नाही. १९६७ साली जितेंद्रचा ‘गुनाहों का देवता’ नावाचा चित्रपट आला, पण त्याचा कादंबरीशी संबंध नाही. अमिताभ आणि जया यांना घेऊन ‘एक था चंदर एक थी सुधा’ करायचं ठरलं, तो चित्रपट अपुराच राहिला. पुढे २०१५ मध्ये त्याच नावाची मालिका आली. मला वाटतं, अडचण कथेतच आहे. इथं सगळी माणसं चांगली आहेत, आणि घाव बसतो तो मनातल्या मनात. कॅमेऱ्यानं बोट दाखवायचं कुणाकडे?

याचं उत्तर भारतींच्याच ‘सूरज का सातवाँ घोड़ा’मध्ये सापडतं. १९५२ सालच्या या छोट्या कादंबरीवर श्याम बेनेगलांनी १९९२ मध्ये चित्रपट केला. दुपारी मित्र जमले की माणिक मुल्ला त्यांना प्रेमकथा सांगतो. तेच प्रसंग पुन्हा दुसऱ्या बाजूनं दिसतात, आणि प्रेमाआड दडलेले पैसा, हुंडा, भित्रेपणा हळूहळू उघडे पडतात. रजित कपूर माणिक झालाय, आपली पल्लवी जोशी लिली, नीना गुप्ता सत्ती. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

 

येत्या शुक्रवारी सुट्टी आहे, तेव्हा बेनेगलांचा हा चित्रपट जरूर पाहा. सत्ती आसरा मागत माणिकच्या दारात येते, त्या प्रसंगी माणिककडे नीट बघा. तिथं तुम्हाला चंदर दिसेल.