दोन रुळांमधला धक्का



रेल्वेतल्या आठवणी सांगा, असा आग्रह झाला म्हणून उभा आहे. भाषणाची सवय नाही, माल मोजायची आहे.

लहानपणी आपण बेगडेवाडीच्या बाजूला जाऊन मालगाडीचे डबे मोजायचो, आठवतंय ना? आपल्या या मार्गावर १९३० च्या सुमारासच विजेची इंजिनं आली होती. त्यामुळे वाफेच्या इंजिनाशी माझी खरी ओळख झाली ती नोकरीत, कुर्डुवाडीला. १९७१ साली मी तिथे मालबाबू म्हणून लागलो.

कुर्डुवाडीत दोन रेल्वे भेटत. मुंबई-सोलापूरची ब्रॉडगेज, रुळांतलं अंतर साडेपाच फूट. आणि बार्शी लाइनची नॅरोगेज, अंतर फक्त अडीच फूट. ही छोटी गाडी १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत पोचली. ती उभी केली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं. हलके, स्वस्त रूळ वापरायचे तर कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये, हा त्याचा हिशेब. म्हणून त्यानं इंजिनाला जास्त चाकं दिली आणि वजन वाटून टाकलं. रूळ अरुंद, पण ओढायची भरपूर. एकाच गाडीला पुढे मालाच्या वाघिणी आणि मागे प्रवासी डबे, अशी 'मिक्स्ड' धापा टाकत यायची. आषाढीला तर टपावरही माणसं असत.

अडचण एकच. छोट्या गाडीची वाघीण मोठ्या रुळांवर जाऊ शकत नाही आणि मोठीची छोट्यावर येऊ शकत नाही. याच कॅलथ्रॉपनं इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी मार्गावर १९०४ साली त्यावर तोड काढली. मोठ्या गेजची भरलेली वाघीण तशीच्या तशी एका बुटक्या, अरुंद चाकांच्या गाड्यावर चढवायची आणि ओढून न्यायची. पोतं हलवायलाच नको! आमच्याकडे मी असला गाडा कधी पाहिला नाही. आमच्याकडे धक्का होता. एका बाजूला छोटी वाघीण, दुसऱ्या बाजूला मोठी आणि मध्ये हमालांच्या पाठी. लातूरकडची डाळ, शेंगा, सरकी, सगळं पोत्यापोत्यानं या वाघिणीतून त्या वाघिणीत जायचं. पोतं क्विंटलचं. दोन्ही वाघिणींची मापं वेगळी, त्यामुळे माल कधी बरोबर मावायचा नाही. उरलेलं पुढच्या वाघिणीत, आणि हिशेब माझ्या वहीत. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी.

आता जे सांगायला उभा राहिलो ते सांगतो.

पहिल्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी माझ्या वहीत १९५ पोती आली. पावतीवर होती २००. मी सगळ्यांसमोर मुकादमाला म्हणालो, "पाच पोती कुठं गेली?" ते वयानं माझ्या वडिलांएवढे. शांतपणे म्हणाले, "बाबू, पुन्हा मोजा. खांदा चुकत नाही." मी मोजलं नाही. पाच पोती कमी, असं लिहून मोकळा झालो. त्या टोळीची त्या दिवसाची मजुरी अडकली.

रात्री खोलीवर वही उघडली तर दमट हवेनं दोन पानं चिकटलेली. आत पाच रेघा होत्या.

सकाळी नोंद सुधारली, मजुरी मिळेल अशी व्यवस्था केली आणि मुकादमांना बाजूला घेऊन म्हणालो, "चूक माझी होती." ते म्हणाले, "काल चारचौघांत बोललात बाबू, आज कोपऱ्यात सांगताय." बस्स, एवढंच. आणि पाठीवर पोतं घेऊन गेले. चारचौघांत सांगायचं धैर्य मला झालं नाही. पुढे बदली झाली आणि राहूनच गेलं.

आता ती लाइन ब्रॉडगेज झाली आहे. लातूरची गाडी थेट मुंबईला येते. हे चांगलंच झालं. क्विंटलचं पोतं माणसाच्या पाठीवर दोनदा चढावं, यात गौरवानं सांगण्यासारखं काही नव्हतं. आज आपल्या उर्से टोलनाक्यावरून कंटेनर जातात. जहाजातून ट्रेलरवर, ट्रेलरवरून रेल्वेवर, कुलूप न उघडता. कॅलथ्रॉपच्या मनात होतं तेच हे, फक्त मोठ्या मापात.

पण दोन रुळांमधलं ते अंतर साठ-सत्तर वर्षांहून अधिक काळ ज्यांनी पाठीवर वाहिलं, त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. मुकादम आज नसतील. तरी ही सभा चारचौघांपेक्षा मोठी आहे, म्हणून इथे सांगतो: पोती २०० च होती. मोजणारा चुकला होता.

आपल्याला गुरुजींनी पाढे शिकवले, तसं उत्तर चुकलं तर फळ्याजवळ येऊन, सगळ्यांसमोर खोडून पुन्हा लिहायलाही शिकवलं होतं. ते मला पन्नास वर्षं उशिरा जमलं. मुलांनो, तुम्ही एवढा उशीर करू नका.